चिकटा

ओम्नी वरूडच्या माणसाकडून घेतली, एक लाख दहा हजारांत.
मागचं दार दोरीनं बांधलेलं,
हॉर्न आहे, पण त्याच्या मर्जीचा.
पुढच्या काचेवर, वरच्या अंगाला, लाल रेडियममध्ये
या टोकापासून त्या टोकापर्यंत:
ओजस्वी.

त्याची पोरगी असेल. मी विचारलं नाही.
नोटा मोजता मोजता तो एकदा काचेकडे बघून म्हणाला,
"थे काढून घ्या, निघालं तं,"
आणि पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजू लागला.

रेडियम निघालं. नखानं.
सात उन्हाळे खाल्लेलं, पापडासारखं तुटत होतं;
ओची मात्रा एका दुपारी,
स्वीची वेलांटी दुसऱ्या.
अक्षरं गेली, चिकटा राहिला.
मग कारंजा रोडची धूळ आली
आणि त्याच चिकट्यावर बसून तिनं
तेच नाव काळ्यात लिहून काढलं,
आधीपेक्षा ठळक.

देवानंद पेंटरनं थिनर दिलं.
काचेचं रबर फुगलं, नाव हललं नाही.
रॉकेल म्हणाले, आता रॉकेल कुठं मिळते.
चक्कीवाल्या उईकेंनी सांगितलं, राखेनं घास.
घासलं.
बारीक चरे पडले, ते अजून आहेत,
रात्री समोरून ट्रक आला की सगळे एकदम पेटतात.
पानठेल्यावरून शेषराव, बसल्या जागेवरून:
"कायले रगडतं वो माय,
नावच हाये, शिवी तं नोहे."

शेवटी काम मे महिन्यानं केलं.
दुपारी दोनला गाडी उघड्यावर,
काचेला हात लावायची सोय नाही.
खोबरेल चोपडलं, त्यावर
दुधाच्या पिशव्या कापून पसरल्या,
आणि ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन
दारात बसून राहिले,
भात शिजायची वाट बघावी तशी.

खरवडायला ब्लेड नको होतं, पुन्हा चरे.
पेटीत तळाशी एटीएम कार्ड सापडलं,
मुदत संपलेलं, उठावाच्या इंग्रजी अक्षरांचं,
बोट फिरवलं तर लागतात:
सुधाकर एन. मसराम.
खात्यात तेव्हाही काही नव्हतं.
बुटीबोरीला आहे म्हणतात, कंपनीत.

कार्डाची कड तिरपी धरली, ढकलत नेली.
चिकटा गोळा होत आला,
काळा, वातीसारखा वळत,
मधेच गुळाच्या पाकासारखी तार धरत.
ज अख्खाच्या अख्खा आला.
कार्डावरची अक्षरं भरून गेली,
एन तेवढा वाचता येत होता, मग तोही नाही.
काच निरम्यानं धुतली, जुन्या पेपरनं पुसली,
कार्ड चिकट्यासकट उकिरड्यावर.

जूनपासून अकरा पोट्टे नेते आणि आणते.
दप्तरं टपावर, डबे मांडीवर,
दोघं नेहमी खिडकीसाठी भांडतात.

मार्गशीर्षात एका सकाळी दव पडलं.
काच पांढरी.
आणि वर, जिथं तेल, राख, थिनर, मे महिना
सगळं होऊन गेलं होतं,
तेवढीच जागा कोरडी, स्वच्छ, अक्षराअक्षरानं.

प्रांजली तोडसाम, पहिलीतली,
चढायच्या आधी गाडीसमोर उभी राहून वाचते,
नुकतं जोडाक्षर यायला लागलंय तिला:
"ओ. ज. स्... वी.
मॅडम, हे कोण व्हय?"

वायपरच्या बटणावर माझा हात होता.

"आपल्याच गाडीतली हाये," मी म्हटलं,
"पुढच्या फाट्यावर बसते."

मागची पोरं कुरकुरत सरकली,
दप्तराएवढी जागा केली.
फाट्यापर्यंत ऊन आलेलं, काच कोरडी.
तरी गाडी हळू केली.
हॉर्न, त्याच्या मर्जीनं, वाजला.